गल्ली नसलेला धंदा

सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाउसवर पोलिसांची धाड पडली. बोगस गिऱ्हाईक पाठवून दलालाला पकडलं आणि तीन तरुणींना 'सोडवलं'. तिघींची वयं होती २०, २२ आणि २३. कायद्याच्या दृष्टीनं त्या पीडित होत्या, त्यांच्यावर कुठलाही गुन्हा नव्हता. तरीही त्यांना घरी जाता आलं नाही. दंडाधिकाऱ्यांनी परिवीक्षा अधिकाऱ्याकडून अहवाल मागवला. या मुली उत्तरेतल्या बेडिया समाजाच्या आहेत, त्या समाजात मुलींना या व्यवसायात पाठवण्याची चाल आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे आयांच्या ताब्यात दिल्या तर पुन्हा तेच होणार, असा निष्कर्ष निघाला. उत्तर प्रदेशातल्या नारी निकेतनात एक वर्ष ठेवून त्यांना काहीतरी शिकवावं, असा आदेश झाला. तिघी दिंडोशीच्या सत्र न्यायालयात गेल्या. कागदोपत्री हे न्यायालय म्हणजे 'बोरीवली विभाग'. तिथेही अपील फेटाळलं गेलं.

अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. २४ सप्टेंबर २०२० रोजी न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी (हे माजी मुख्यमंत्र्यांचे केवळ नामबंधू) दोन्ही आदेश रद्द केले. देहविक्री हा आपल्या कायद्यात मुळात गुन्हाच नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. कायदा शिक्षा करतो ती कुंटणखाना चालवणाऱ्याला, दुसऱ्याच्या शरीरावर पैसा कमावणाऱ्याला आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणाऱ्याला. या तिघी सज्ञान आहेत, कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे त्यांनी ठरवायचं, असा तो निकाल होता. पकडल्यापासून निकालापर्यंत वर्ष उलटून गेलं होतं.

मुंबईतल्या देहविक्रीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कामाठीपुरा येतो. बोरीवली, कांदिवली, मालाड, मुलुंड ही 'फॅमिली' वस्ती, इथे तसलं काही नसतं, असा आपला समज असतो. मालाडच्या प्रकरणानं हा समज पुसावा म्हणून मी त्यापासून सुरुवात केली. भांडुपच्या सोनापूरसारखे अपवाद सोडले तर उपनगरांत या धंद्याची वेगळी गल्ली नाही, हे खरं आहे. पण गल्ली नाही म्हणजे बायका नाहीत असं होत नाही. उलट, गल्ली नसल्यामुळेच त्यांच्या तब्येतीचे आणि सुरक्षिततेचे प्रश्न वेगळे आणि काही बाबतींत जास्त अवघड झाले आहेत. या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

कामाठीपुरा वसला तो तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांमुळे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिपायांना होणाऱ्या गुप्तरोगांनी इंग्रज सरकार हैराण झालं आणि १८६८ मध्ये कायदा केला. त्याखाली या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली, रोगी ठरलेल्या बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबलं जाऊ लागलं. तपासणी फक्त बायकांची होई, शिपायांची नाही. १८८८ मध्ये तो कायदा गेला. पण बाई म्हणजे रोगाचा साठा आणि पुरुष म्हणजे त्या रोगाचा बळी, ही समजूत मागे राहिली. गेल्या शतकातल्या एड्सच्या जाहिरातींतही ती डोकावते.

कामाठीपुऱ्यात, फोरास रोडवर, फॉकलंड रोडवर एक रचना होती. कुंटणखाना चालवणारी घरवाली, तिचं घर, तिच्या मुली, कमाईतला अर्धा वाटा, ठरलेला सावकार, ठरलेला डॉक्टर. या रचनेत शोषण होतं, कर्जाची वेठ होती आणि पळवून आणलेल्या कोवळ्या मुलींचे हाल होते. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या जिल्ह्यांतून देवदासी म्हणून सोडलेल्या मुलीही इथेच येऊन पडत. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा १९३४ लाच झाला होता, तरी पुढची पन्नास वर्षं हा ओघ आटला नाही. मात्र त्या रचनेला पत्ता होता. आरोग्यसेविकेला दार माहीत होतं. पाळणाघर काढायचं तर कुठे काढायचं, हे ठाऊक होतं. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांच्या 'प्रेरणा' संस्थेनं १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं. आई कामावर असताना मूल त्याच खोलीत पलंगाखाली झोपू नये, एवढी साधी, पण तोवर कुणाला न सुचलेली ही गोष्ट होती. ती करता आली, कारण आया एका जागी होत्या.

आता ती जागा आक्रसली आहे. जमिनीचे भाव, पुनर्विकासाची चर्चा, वारंवारच्या धाडी आणि शेवटी मोबाइल, सगळ्यांनी मिळून गल्ली मोडली. बायका पांगल्या. भिवंडीची हनुमान टेकडी, नवी मुंबईतलं तुर्भे इथे वस्त्या राहिल्या, पण बाकीचा धंदा लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हायवेच्या कडेला आणि फोनवर गेला. बोरीवलीसारखं ठिकाण त्याला सोयीचं पडतं, यात नवल नाही. इथे लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, एसटी आणि खाजगी बस सुटतात, दिवसभर लाखो माणसं चढतात-उतरतात. एवढ्या गर्दीत कोण कुणाला ओळखतं?

यातली एक बाई समोर आणून पाहा. ही कुणी ठरावीक व्यक्ती नाही, आरोग्य कार्यकर्त्यांना रोज भेटणाऱ्या अनेकींची मिळून झालेली आहे. ती नालासोपारा किंवा विरारला भाड्याच्या खोलीत राहते, कारण तिथे भाडं परवडतं. नवरा सोडून गेलाय, किंवा आहे पण दारूत आहे. दोन मुलं शाळेत. सकाळी डबा करून, मुलांना पाठवून ती लोकल धरते आणि बोरीवलीला किंवा अंधेरीला उतरते. शेजारणींना सांगितलेलं असतं की केटरिंगला जाते, किंवा पेशंट सांभाळायला जाते. काही दिवस ती खरोखरच केटरिंगला जाते. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला घरी. ती स्वतःलाही धंदेवाली समजत नाही, 'कधीमधी करते' असं म्हणते.

हे 'कधीमधी' समजून घेण्यासारखं आहे. अभ्यासक स्वाती शाह यांनी मुंबईत वर्षानुवर्षं फिरून लिहिलेलं 'स्ट्रीट कॉर्नर सिक्रेट्स' हे पुस्तक २०१४ मध्ये आलं. बिगारी कामासाठी बायका जिथे सकाळी उभ्या राहतात त्या मजूर नाक्यांवर त्यांनी बराच काळ घालवला. काम मिळालं तर विटा वाहायच्या, नाही मिळालं तर दुसऱ्या मार्गानं दिवसाची कमाई काढायची, असं या दोन कामांचं सरमिसळ रूप त्यांना दिसलं. पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञ रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी चौदा राज्यांतल्या तीन हजार सेक्स वर्करची पाहणी केली, ती २०११ मध्ये समोर आली. त्यातल्या जवळपास निम्म्या बायकांनी धुणीभांडी, शेतमजुरी, बांधकाम असं दुसरं काम केलेलं होतं. त्या कामांत मिळणारा पैसा पुरत नव्हता, म्हणून त्या इकडे वळल्या होत्या. फसवून, विकून आणलेल्या मुली नसतात असा याचा अर्थ नाही. त्या असतात, आणि त्यांच्याबद्दल पुढे बोलू. पण उपनगरातल्या बाईची गोष्ट बहुतेकदा मजुरीच्या बाजारातून सुरू होते.

डान्स बारची गोष्टही इथे जोडलेली आहे. ऑगस्ट २००५ मध्ये राज्यात बारमधल्या नाचावर बंदी आली. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. निकाल अपिलात अडकल्यानं मधली आठ वर्षं डान्स बार बंदच राहिले. बंदीनं बेकार झालेल्या अनेक बायकांना पोट भरण्यासाठी देहविक्रीकडे वळावं लागलं, हे सर्वोच्च न्यायालयानंच आपल्या निकालात नोंदवलं आहे. बायकांची अब्रू वाचवण्यासाठी आणलेल्या कायद्याचा परिणाम काय झाला, हे याहून स्पष्ट कुणी सांगायला नको.

आता तब्येतीकडे येऊ. हा विषय निघाला की आपल्याला फक्त एचआयव्ही आठवतो. तोच धागा धरून सुरुवात करू, कारण त्यात मुंबईचा इतिहास आहे.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या, यांनी आपली विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला हिला हा विषय दिला. मुंबईसारखी ठरावीक वस्ती चेन्नईत नव्हती. म्हणून निर्मला यांनी पोलिसांनी पकडून सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचे रक्तनमुने घेतले. सहा नमुने दूषित निघाले. मग मुंबईत तपासण्या सुरू झाल्या आणि आकडे भराभर चढले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईतल्या सेक्स वर्करमध्ये लागण निम्म्याहून अधिक जणींना झाली होती. तेव्हा औषध नव्हतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सरकारकडून मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ ला, देशातल्या आठ रुग्णालयांत, आणि त्यात आपलं जे. जे. होतं. तोवर किती बायका गेल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ज्यांच्या मरणाचा दाखलाही धड नावानं निघाला नसेल, त्यांची संख्या कुठून मिळणार?

त्यानंतर जे घडलं ते मात्र अभिमानानं सांगावं असं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या सेक्स वर्करमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे दीड टक्क्यावर आलेलं होतं. मुंबई आणि महाराष्ट्र सर्वांत जास्त भाजून निघालेले, तरी घसरण इथेही मोठी आहे. ही घसरण धाडींनी झाली नाही, उपदेशांनीही नाही. ती झाली बायकांनी बायकांना गाठल्यामुळे. सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेनं १९९२ पासून आणि तिच्यातूनच १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'नं, म्हणजे 'व्हॅम्प'नं, हे आधी करून दाखवलं. निरोध वाटणारी, दवाखान्यात सोबत येणारी आणि दलालाशी भांडणारी बाई बाहेरची समाजसेविका असण्याची गरज नाही, ती धंद्यातलीच असली की काम होतं, हे त्यांनी सिद्ध केलं. १९९८ मध्ये स्थापन झालेली मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था आणि २००३ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत चाललेला 'आवाहन' हा एचआयव्ही-प्रतिबंधाचा कार्यक्रम यांनी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

आज या पद्धतीची घडी अशी असते. एका 'पीअर'कडे, म्हणजे धंद्यातल्याच एका ताईकडे, साधारण साठ बायकांची जबाबदारी. ती त्यांना ठरावीक अंतरानं भेटते, निरोध पोचवते. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी, दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची आणि सिफिलिसची रक्ततपासणी. गुप्तरोगाची लक्षणं दिसली तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसायचं नाही, लक्षणावरून लगेच औषध द्यायचं. कारण ही बाई पुन्हा कधी हाती लागेल याचा भरवसा नसतो. ही औषधं रंगीत पाकिटांत येतात. गर्भाशयमुखातून स्राव असेल तर करडं, योनीतला स्राव आणि खाज असेल तर हिरवं, जखम असेल तर पांढरं, नागिणीसारखे फोड असतील तर लाल, ओटीपोट दुखत असेल तर पिवळं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपल्याला कुठलं पाकीट मिळालं हे सांगता येतं. सरकारी यंत्रणेतल्या मोजक्या शहाण्या कल्पनांपैकी ही एक आहे असं मला वाटतं.

गुप्तरोगांवर एवढा भर कशासाठी? एक तर परमा आणि क्लॅमिडिया हे रोग बाईच्या अंगात बहुतेकदा काही लक्षण न दाखवता राहतात. पुरुषाला लघवीच्या वेळी आग होते, तो डॉक्टरकडे धावतो. बाईला कळतं तेव्हा ओटीपोटात सूज पसरलेली असते. दुसरं, जननमार्गावर जखम किंवा सूज असली की एचआयव्हीला शिरायला वाट मिळते. आणि तिसरं कारण रोजच्या सवयीतलं आहे. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणानं, डेटॉलनं आतून धुण्याची सवय अनेकींना असते. स्वच्छतेसाठी केलेल्या या गोष्टीनं योनीतले उपकारक जंतू मरतात, आम्लता बिघडते, आतलं नाजूक अस्तर सोलवटतं आणि संसर्गाचा धोका उलट वाढतो. साध्या पाण्यानं बाहेरून धुणं पुरेसं असतं. हे सांगायला कुणी तरी विश्वासातलं माणूस लागतं, फलकावर लिहून ते पोचत नाही.

निरोधाचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. गिऱ्हाइकाला 'नाही तर चालता हो' म्हणायला बाई शिकली, हे गेल्या पंचवीस वर्षांचं यश आहे. पण घरी जो माणूस असतो, नवरा म्हणा, 'आदमी' म्हणा, त्याच्याशी निरोध वापरला जात नाही. वापरला तर तो परका ठरतो. प्रेमाची, संसाराची एवढी एकच खूण तिच्याकडे असते. त्यामुळे अनेकींना लागण गिऱ्हाइकाकडून न होता घरातून होते. उपनगरातल्या बाईची तर आणखी कोंडी. तिच्या पर्समध्ये निरोध सापडला तर सासूला काय सांगणार? म्हणून ती जवळ ठेवतच नाही. लॉजवर असला तर असला. कामाठीपुऱ्यात घरवालीच्या फडताळात खोका असायचा. इथे तसं फडताळ नाही.

पीअर ताईची पद्धतही इथेच अडखळते. तिची सगळी मांडणी 'हॉटस्पॉट'वर उभी आहे, म्हणजे बायका जिथे ठरल्या वेळी भेटतील अशा जागेवर. स्टेशनबाहेर उभी राहणारी बाई सापडते. फोनवरून काम घेणारी, आठवड्यातून दोन दिवस येणारी, नंबर बदलणारी बाई सापडत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अलीकडच्या मोजणीत देशभरात दहा लाखांच्या आसपास सेक्स वर्कर धरल्या आहेत. पण ही मोजणी सापडलेल्यांची आहे. एड्स कार्यक्रमातले लोकही आता फोनवरून, व्हॉट्सअॅपवरून बायकांना गाठायचे प्रयत्न करत आहेत. त्याला यश यायचं तर बाईला एवढी खात्री हवी की आपला नंबर पोलिसांकडे जाणार नाही.

या साऱ्या कार्यक्रमाबद्दल एक तक्रार मात्र मोकळेपणानं केली पाहिजे. त्याला बाईचा फक्त कमरेखालचा भाग दिसतो. तिला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, रात्र-रात्र झोप नसते, उपाशीपोटी पोटात दारू असते. दारूशिवाय हे काम करता येत नाही असं सांगणाऱ्या कितीतरी असतात. मारहाण होते, आणि मारणाऱ्यांत गिऱ्हाईक, घरचा माणूस, गुंड आणि वर्दी असे सगळे असतात. जीव द्यावासा वाटणं हे तर इतकं नेहमीचं की त्याला आजार म्हणून कुणी मोजतही नाही. या सगळ्याला रंगीत पाकीट नाही. महापालिकेच्या दवाखान्यात यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपचार आहेत, पण ते घ्यायला गेलं की केसपेपरवर काम काय लिहायचं इथपासून अडचण सुरू होते. बाई 'घरकाम' लिहिते. डॉक्टर त्याप्रमाणे तपासतो. खरं कारण पोटातच राहतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं उदाहरण मला सर्वांत जास्त खटकतं. हा रोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. निरोधानं त्यापासून थोडंच संरक्षण मिळतं, आणि एचआयव्ही असलेल्या बाईला हा धोका सुमारे सहापट असतो. त्याची तपासणी सोपी आहे. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगरसारखं अॅसेटिक आम्ल लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का पाहायचं. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर हा प्रयोग केला. डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायकांनी तपासणी केली. बारा वर्षांनंतर, २०१३ मध्ये, निष्कर्ष आला की या रोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही पद्धत ज्या शहरात सिद्ध झाली त्याच शहरात, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात येणाऱ्या सेक्स वर्करला ती नेमानं मिळायला हवी. खर्च जवळपास शून्य. तिथे टेबल आहे, नर्स आहे, बाई आलेली आहे. करायचं बाकी काय राहतं?

आता कायद्याबद्दल, कारण तब्येतीची वाट त्याच्यातूनच जाते. १९५६ चा कायदा १९८६ मध्ये दुरुस्त झाला आणि अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा म्हणून आज लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाखाली जागा देणारा अडकतो, म्हणून घरमालक या बायकांना खोली देत नाही, किंवा दुप्पट भाडं घेऊन देतो. चौथ्या कलमाखाली तिच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कुठलीही व्यक्ती गुन्हेगार ठरू शकते. दलालासाठी केलेलं हे कलम तिच्या म्हाताऱ्या आईला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही लागू होऊ शकतं. आठव्या कलमाखाली सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तर पुरुषाला जास्तीत जास्त तीन महिने. आणि सतराव्या कलमाखाली सोडवलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. मालाडच्या तिघींना अडकवलं ते याच कलमानं.

सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात जे निर्देश दिले, ते या पार्श्वभूमीवर वाचावेत. हा खटला कोलकात्यातल्या एका सेक्स वर्करच्या खुनातून उभा राहिला होता. २०११ मध्ये आरोपीची शिक्षा कायम करताना न्यायालयानं या बायकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न हाती घेतला आणि समिती नेमली. अकरा वर्षांनी आलेल्या आदेशातले निर्देश आणि समितीच्या शिफारशी अशा: धाडीत सापडलेल्या सज्ञान बाईला अटक, दंड किंवा छळ करू नये. तिच्यावर बलात्कार झाला तर इतर कुठल्याही स्त्रीला मिळतात ते उपचार आणि ती मदत तिलाही द्यावी. निरोध जवळ सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. तिचं नाव आणि चेहरा माध्यमांनी दाखवू नये. आई या धंद्यात आहे एवढ्यावरून मूल तिच्यापासून तोडू नये. संरक्षणगृहांची पाहणी करून मर्जीविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांना सोडावं. आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार कार्ड द्यावं, त्या कार्डावर ती काय काम करते याची कुठलीही खूण नसावी.

हे निर्देश येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलुंडला धाड पडली. तिथे सापडलेल्या ३४ वर्षांच्या बाईला दंडाधिकाऱ्यांनी पुन्हा एक वर्ष निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. तिला दोन लहान मुलं होती. मे महिन्यात सत्र न्यायालयानं तो आदेश रद्द केला. ती सज्ञान आहे आणि सार्वजनिक जागी तिनं कुणाला उपद्रव दिलेला नाही, हीच कारणं पुन्हा लिहावी लागली. मालाड आणि मुलुंड, तीन वर्षांचं अंतर, कायदा तोच, चूक तीच. आणि अशी प्रत्येक धाड पीअर ताईच्या वर्षभराच्या कामावर पाणी फिरवते. ज्या बाईला तिनं तीन महिन्यांपूर्वी तपासणीला आणलं ती नंबर बदलून नाहीशी होते. ती एआरटीवर असेल तर गोळ्या तुटतात, विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

अल्पवयीन मुली आणि फसवून आणलेल्या बायका यांच्या बाबतीत मात्र धाड हवीच, याविषयी कुणाचं दुमत नसावं. पण तिथेही पुढची तयारी लागते. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत मोठी धाड पडली आणि चारशेहून अधिक मुली ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांत बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना ठेवायला पुरेशी जागा नव्हती, उपचारांची सोय नव्हती, नेपाळ सरकार परत घ्यायला तयार होईना. अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढे होऊन त्यांतल्या अनेकींना नेलं. सोडवण्याचा दिवस वर्तमानपत्रांत गाजतो. नंतरचे महिने कुणी पाहत नाही.

कोरोनाच्या काळात तर सगळंच उघडं पडलं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि नालासोपाऱ्याहून बोरीवलीला येणारी बाई एका रात्रीत बेकार झाली. सर्वसाधारण महिलांना लोकलमध्ये चढता आलं ते थेट २१ ऑक्टोबरला, तेही ठरावीक वेळांत. रेशनकार्ड गावाकडचं, किंवा नाहीच. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरअखेर आदेश दिला की ओळखपत्राचा आग्रह न धरता या बायकांना शिधा द्या. त्यानंतर राज्याच्या महिला व बालविकास विभागानं ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी महिना पाच हजार रुपये आणि शाळेत जाणारं मूल असेल तर आणखी अडीच हजार जाहीर केले. लाभार्थी होत्या सुमारे ३१ हजार. निर्णय चांगलाच होता. पण यादी एड्स कार्यक्रमाकडून यायची होती, आणि जिनं आपलं काम आयुष्यभर लपवलं ती पैशांसाठी अशा यादीत नाव घालणार कशी? खात्यात जमा झालेल्या रकमेची चौकशी घरात झाली तर काय सांगणार? गल्लीतल्या बाईला मदत पोचणं त्यामानानं सोपं होतं.

मुलांच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत राज्यानं आईचं नाव सक्तीचं केलं आहे. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं, या प्रश्नावर कामाठीपुऱ्यातल्या किती मुलांची शाळा अडली, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा. सर्वोच्च न्यायालयानं गौरव जैन खटल्यात या मुलांना इतर मुलांबरोबरच शिकवा असं सांगितलं होतं. उपनगरात ही मुलं इतरांबरोबरच शिकतात, कारण त्यांची आई कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. ते कळेल, ही भीती मात्र त्या घरात रोज असते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला किंवा कुणाच्या ओळखीत उपयोग होईल म्हणून काही गोष्टी नेमक्या सांगतो. १०९७ हा एड्सविषयक राष्ट्रीय मदतक्रमांक फुकट आहे. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या समुपदेशन केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांपर्यंत चाचणी चुकीची 'निगेटिव्ह' येऊ शकते, म्हणून धोक्याचा प्रसंग घडला असेल तर ती पुन्हा करावी. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास लागण टाळता येण्याची शक्यता खूप वाढते. जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि कोर्स २८ दिवसांचा. २०१७ पासून धोरण असं आहे की लागण कळली की लगेच औषध सुरू करायचं, रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी कमी व्हायची वाट पाहायची नाही. नेमानं गोळ्या घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल उघड करता येत नाही आणि त्यावरून उपचार किंवा नोकरी नाकारता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं तर खरं काम सांगायला हरकत नाही, कारण ते सांगितल्यानं कुठलाही गुन्हा शाबीत होत नाही. आणि दवाखान्याच्या टेबलापलीकडे जे बसतात, डॉक्टर, नर्स, केसपेपर काढणारे, त्यांनी एवढंच करावं: बाईनं ते सांगितलं की आवाज चढवू नये, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं ते परत म्हणू नये, आणि तिचा रक्तदाबही मोजावा.